अन्नस्पर्शी पृष्ठे व कारखान्यातील यंत्रे : स्वच्छताद्रव्यांच्या निवडीचा विचार
(सिन्नर परिसराच्या संदर्भात)

नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरांवर, पुण्याच्या रस्त्यावर वसलेले सिन्नर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस यादवांची आरंभीची राजधानी म्हणून आणि स्थापत्याच्या अभ्यासकांस गोंदेश्वराच्या देवालयामुळे परिचित आहे. पुढील काळात विडीच्या धंद्याने या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. आज मात्र सिन्नरचा विचार करावयाचा तो प्रामुख्याने माळेगाव येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्राच्या आणि मुसळगाव येथील सहकारी औद्योगिक वसाहतीच्या अनुषंगाने. अशा वसाहतींचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे परस्परांशी काहीही संबंध नसलेले धंदे एका भिंतीच्या आडोशाने नांदतात. एका शेडमध्ये लेथवर लोखंडाचे भाग कातले जात असतात, तर पलीकडच्या शेडमध्ये लोणची, मसाले किंवा दुग्धजन्य पदार्थ तयार होत असतात. दोघांनाही दिवसाच्या अखेरीस यंत्रे धुवावी लागतात, आणि दोघांचाही स्वच्छतेचा माल पुष्कळदा एकाच दुकानातून, एकाच प्रकारच्या निळ्या पिंपांतून येतो.

येथेच प्रस्तुत लेखाचा प्रश्न उद्भवतो. तेलाने माखलेला दंतचक्राचा संच ज्या द्रव्याने आरशासारखा लखलखीत होतो, त्याच द्रव्याने श्रीखंडाचे पातेले धुतले तर बिघडले कोठे? द्रव्य तीव्र आहे म्हणून ते वर्ज्य, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. परंतु हे उत्तर शास्त्रदृष्ट्या टिकणारे नाही. कारण कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा जगातील बहुतेक सर्व दुग्धालयांत रोज वापरला जातो, आणि उलटपक्षी हाताला मुळीच न झोंबणारी, सुवासिक अशी कित्येक द्रव्ये अन्नाच्या भांड्यास लावण्यास सर्वथा अयोग्य असतात. तेव्हा योग्यायोग्यतेचा निकष अन्यत्र शोधला पाहिजे.

'स्वच्छ' या शब्दाचे दोन अर्थ

यंत्रशाळेत एखादा भाग स्वच्छ झाला असे आपण केव्हा म्हणतो? त्याच्यावर पुढील जी क्रिया व्हावयाची असेल, मग ती रंग देण्याची असो, विलेपनाची असो वा जुळणीची असो, तिला अडथळा होईल असे तेल, कीस वा गंज त्यावर उरला नाही म्हणजे तो स्वच्छ. त्या भागावर स्वच्छताद्रव्याचा पातळ थर राहिला तरी सहसा हरकत नसते. इतकेच नव्हे, तर गंज येऊ नये म्हणून असा थर मुद्दाम ठेवण्यात येतो. लोखंडी भाग धुण्याच्या कित्येक द्रव्यांत सोडियम नायट्राइटासारखे गंजरोधक मिसळलेले असते, ते याच हेतूने.

अन्नस्पर्शी पृष्ठाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे पुढील 'क्रिया' म्हणजे मनुष्याचा आहार होय. तेथे मळ गेला पाहिजे हे तर खरेच. परंतु मळ घालविणारे द्रव्यही गेले पाहिजे. म्हणून असे सूत्र मांडता येईल की, औद्योगिक स्वच्छताद्रव्याची परीक्षा ते काय काढून नेते यावरून करावयाची, तर अन्नस्पर्शी पृष्ठावरील द्रव्याची परीक्षा ते मागे काय ठेवते यावरून करावयाची. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचा विस्तार आहे.

मळाचे रसायन

अन्नप्रक्रियेतील मळ मुख्यतः चार प्रकारचा असतो : शर्करा, मेद, प्रथिने आणि खनिज क्षार. शर्करा पाण्यात विरघळते, मात्र ती करपली तर तिचा थर हट्टी बनतो. मेदाचे अल्कलीच्या योगाने साबणीकरण होते. प्रथिने अल्कलीत फुगतात व विरघळू लागतात. खनिजांना मात्र अल्कलीचे काही वाटत नाही. त्यांना अम्लच पाहिजे. दूध तापविण्याच्या यंत्रात कॅल्शियम फॉस्फेट व प्रथिने यांचा जो पांढरट खडा धरतो, त्यात दोन्ही घटक असल्यामुळे दुग्धालयात आधी सुमारे १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण ७० ते ७५ अंश सेल्सियस तापमानाला फिरवितात, नंतर पाणी, त्यानंतर ०.५ ते १ टक्का नायट्रिक अम्ल आणि शेवटी पुन्हा पाणी, असा क्रम ठेवितात. प्रथम गरम पाणी ओतण्याची घाई करू नये. त्यामुळे प्रथिने गोठून पृष्ठास अधिकच चिकटतात. आरंभीचे पाणी कोमटच असावे.

यंत्रशाळेतील मळ याहून भिन्न असतो. तेथील खनिज तेल हे मेद नव्हे. ते हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे कितीही कॉस्टिक घातला तरी त्याचा साबण होत नाही. त्याला एक तर विद्रावकात विरघळविले पाहिजे, नाही तर पृष्ठक्रियाशील द्रव्यांच्या साहाय्याने पाण्यात त्याचे पायस केले पाहिजे. यंत्रशाळेत रॉकेल, पेट्रोलियम विद्रावके आणि क्लोरीनयुक्त विद्रावके आली ती या कारणाने. सुमारे ८७ अंश सेल्सियसला उकळणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलिनाच्या वाफेत धातूचे भाग धरून त्यांवरील तेल काढण्याची पद्धत विसाव्या शतकात सर्वत्र रूढ होती. पुढे हे द्रव्य मनुष्यात कर्करोग उत्पन्न करते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. म्हणजे यंत्रशाळेतही सर्व काही चालते असे नाही. फरक एवढाच की, तेथे धोका मुख्यत्वे कामगाराच्या श्वासावाटे व त्वचेवाटे असतो, तर अन्नगृहात तो ग्राहकाच्या पोटापर्यंत पोचतो.

स्वच्छतेचे फल केवळ रसायनावर अवलंबून नसते. रसायन, यांत्रिक घर्षण, तापमान आणि काळ हे चार घटक मिळून एक वर्तुळ पुरे होते; एक घटक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. हा विचार हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनज्ञ हर्बर्ट सिनर याने १९५९ च्या सुमारास मांडला व तो 'सिनरचे वर्तुळ' या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या गावाच्या नावाशी असलेले हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण ते विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहण्यास उपयोगी पडावे. या वर्तुळाचा व्यावहारिक अर्थ असा की, जेथे तीव्र द्रव्य वापरता येत नाही तेथे ऊन पाणी, ब्रश आणि थोडा अधिक वेळ यांनी काम भागविता येते. 'मळ जात नाही' म्हणून शेजारच्या शेडमधील द्रव्य मागून आणण्यापूर्वी इतर तीन घटकांचा विचार झाला पाहिजे.

अवशेषाचे गणित

सिन्नर तालुक्याचा पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेत मोडतो, आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई हा येथील नित्याचा अनुभव आहे. पाणी कमी असले म्हणजे पहिली कात्री शेवटच्या धुण्याला लागते. म्हणून हा मुद्दा आकड्यांनी तपासून पाहणे योग्य होईल.

८० सेंटिमीटर व्यासाचे आणि १ मीटर उंचीचे, सुमारे ५०० लिटरांचे एक उघडे पात्र घेऊ. त्याचे आतील पृष्ठफळ सुमारे ३ चौरस मीटर भरेल. धुऊन पात्र पालथे केल्यावर त्यावर ०.१ मिलिमीटर जाडीचा द्रवाचा पापुद्रा राहतो असे मानले, तर ०.३ लिटर द्रव मागे राहतो. तो द्रव १.५ टक्के कॉस्टिक सोड्याचा असेल तर त्यात ४.५ ग्रॅम सोडा आहे. आता आपल्याजवळ धुण्यासाठी ५० लिटरच पाणी आहे. ते सर्व एकदाच घालून नीट ढवळून ओतून दिले, तर मागे राहणारा सोडा सुमारे २७ मिलिग्रॅम होतो. परंतु तेच ५० लिटर पाणी २५-२५ लिटर असे दोन वेळा वापरले, तर मागे केवळ ०.६ मिलिग्रॅम सोडा राहतो. पाणी तितकेच, अवशेष मात्र चाळिसांहून अधिक पटींनी कमी. पाण्याच्या टंचाईच्या गावी या साध्या गणिताचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे, आणि तेच आपल्या विषयाचे मर्म आहे. ते गृहीत असे की, द्रव्य पाण्यात पूर्णपणे विरघळते आणि पृष्ठास चिकटून राहत नाही. कॉस्टिक सोडा व नायट्रिक अम्ल ही अट पाळतात. शिवाय ती गेली की नाही हे पाहण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. शेवटच्या पाण्यात फेनॉल्फ्थॅलिनाचे दोन थेंब टाकले आणि गुलाबी छटा आली तर अल्कली शिल्लक आहे असे समजावे. अम्लाकरिता लिटमस किंवा पीएच-कागद पुरेसा होतो. म्हणजे ही द्रव्ये तीव्र आहेत खरी, पण ती निघून जातात आणि राहिली तर आपली चाहूल देतात.

रॉकेलाचा पापुद्रा पाण्याने दहा वेळा धुतला तरी हे गणित त्याला लागू पडणार नाही, कारण तो पाण्यात मिसळतच नाही. पुढे त्याच पात्रात तूप किंवा लोण्यासारखा स्निग्ध पदार्थ आला म्हणजे तो त्यात सुखाने विरघळतो. सुगंधी तेले, मेण, सिलिकोन आणि कित्येक गंजरोधके यांचीही हीच तऱ्हा आहे. सोडियम नायट्राइट पाण्यात विरघळते, परंतु ते दिसावयास मिठासारखे असून रक्तातील हीमोग्लोबिनाची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करते, आणि दुय्यम अमाइनांशी संयोग होऊन त्यापासून कर्करोगजनक नायट्रोसमाइने बनू शकतात. तेव्हा निवडीचे खरे निकष तीन ठरतात : द्रव्य पाण्याने पूर्णपणे निघावे, निघाले की नाही हे सोप्या परीक्षेने कळावे, आणि चुकून लेशमात्र राहिलेच तर त्या मात्रेत ते निरुपद्रवी असावे. सौम्यता किंवा तीव्रता हा निकष कामगाराच्या संरक्षणापुरता आहे. हातमोजे आणि चष्मा यांनी तो प्रश्न सुटतो.

जंतुनाशनाचा प्रश्न

स्वच्छता आणि जंतुनाशन या दोन पृथक् क्रिया आहेत व त्यांचा क्रम उलटता कामा नये. मळावर टाकलेला क्लोरीन मळातील सेंद्रिय द्रव्याशीच लढण्यात खर्ची पडतो. अमेरिकेतील नियमांप्रमाणे अन्नस्पर्शी पृष्ठावर शेवटच्या धुण्याशिवाय ठेवावयाचे क्लोरीनचे द्रावण दर दहा लाख भागांत २०० भागांपेक्षा आणि आयोडोफोराचे २५ भागांपेक्षा अधिक तीव्र नसावे. ५ टक्के क्लोरीन असलेल्या हायपोक्लोराइटापासून २०० भागांचे द्रावण करावयाचे तर एक लिटर पाण्यास ४ मिलिलिटर पुरतात. 'एक झाकण जास्तीचे' टाकण्याने सुरक्षितता वाढत नाही. हायपोक्लोराइट अम्लाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनियाशी मिसळल्यास क्लोरमाइने उत्पन्न होतात. म्हणून अम्ल आणि हायपोक्लोराइट यांचे कॅन एका फळीवर ठेवू नयेत.

चतुष्क अमोनियम संयुगे रुचिहीन, वासहीन आणि धातूस निरुपद्रवी म्हणून लोकप्रिय आहेत. परंतु ती पृष्ठास चिकटून राहतात. दही किंवा चीज करणाऱ्यास याचा अनुभव विरजण न लागण्याच्या रूपाने येतो, कारण अवशिष्ट द्रव्य उपयुक्त जंतूंनाही मारते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये या वर्गातील दोन प्रमुख संयुगांची अन्नातील मर्यादा दर किलोग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम अशी ठरविली, यावरून अवशेषाच्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

पृष्ठाची धातू आणि पाणी

द्रव्य अन्नास योग्य असले तरी ते पृष्ठास योग्य असेलच असे नाही. ३०४ जातीच्या अगंज पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, आणि त्याचे संरक्षण क्रोमियम ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म थरावर अवलंबून असते. क्लोराइड हा या थराचा वैरी होय. म्हणून मीठ असलेल्या लोणच्यासारख्या पदार्थांसाठी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे पोलाद पसंत करतात, आणि खडा काढण्यासाठी बाजारी हायड्रोक्लोरिक अम्ल अगंज पोलादावर कधीही वापरू नये. त्यामुळे जे सूक्ष्म खड्डे पडतात ते पुढे जंतूंची घरे होतात. ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळते व हायड्रोजन वायू सुटतो. त्याकरिता सिलिकेटयुक्त सौम्य अल्कली वापरावी. अन्नास चालणाऱ्या हायपोक्लोराइटाने यंत्रशाळेतील साध्या पोलादावर गंज चढतो, हे उलट दिशेचे उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'अन्नास योग्य ते सर्वत्र योग्य' हे विधानही म्हणून खरे नव्हे.

दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅम व अन्य स्रोत नसल्यास कमाल ६०० मिलिग्रॅम आहे. कठीण पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि गरम अल्कलीत पृष्ठावर खनिजांचा थर बसतो. अशा ठिकाणी कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक असलेले प्रक्षालक घ्यावे, अथवा अम्लाचे धुणे अधिक वेळा द्यावे.

शुद्धता आणि पिंप : दोन दुःखद धडे

रासायनिक नाव एक असले म्हणून दोन द्रव्ये एक होत नाहीत. १९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानमध्ये दुधाच्या भुकटीवर वाढणारी तान्ही मुले मोठ्या संख्येने आजारी पडू लागली. मोरिनागा कंपनीच्या तोकुशिमा येथील कारखान्यात भुकटीत मिसळण्यात येणारे डायसोडियम फॉस्फेट हे औद्योगिक प्रतीचे होते व त्यात आर्सेनिक होते. १२,००० हून अधिक मुले बाधित झाली व १३० हून अधिक दगावली. याच मालाचा काही भाग जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने बाष्पित्रांच्या शुद्धीसाठी घेतला असता तपासणीत आर्सेनिक आढळल्यामुळे तो परत करण्यात आला होता. बाष्पित्रासाठी जे तपासले गेले ते बालकांसाठी तपासले गेले नाही, यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा धडा आपल्या देशातील आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील मध्यान्ह भोजनाने २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. ते तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले गेले होते. हे स्वच्छताद्रव्य नव्हते हे खरे, परंतु ज्या वाटेने विष आले ती वाट औद्योगिक वसाहतीत आपल्या नित्य परिचयाची आहे. रिकामी पिंपे विकली जातात, धुतली जातात आणि पुन्हा भरली जातात. पिंपाचे प्लॅस्टिक विद्रावक शोषून घेते व पुढे सावकाश सोडते. पिंप आतून कितीही धुतले तरी भिंतीत मुरलेले द्रव्य धुतले जात नाही.

सीमेवरील प्रसंग

अन्नगृह व यंत्रशाळा यांच्यातील सीमा शेडच्या भिंतीवर नसते. ती पुष्कळदा एकाच यंत्रात असते. मिरची दळण्याच्या यंत्राच्या आतील पृष्ठाला अन्न लागते. बाहेरील मोटरीला व साखळीला वंगण लागते. धुताना पाणी एका भागावरून दुसऱ्याकडे वाहते. म्हणून अन्नाशी चुकून संपर्क येण्याचा संभव असलेल्या वंगणांचा निराळा वर्ग मानला जातो. अमेरिकेतील एनएसएफ या संस्थेच्या नोंदणीत अशा वंगणांस एच-१, ज्यांचा अन्नाशी संपर्क येताच कामा नये त्यांस एच-२, अन्नगृहातील सामान्य प्रक्षालकांस ए-१, आणि अन्न हाताळले जात नाही अशाच जागी वापरावयाच्या तेलनिर्मूलकांस के-१ अशी चिन्हे आहेत. ही चिन्हे सर्व ठिकाणी दिसतीलच असे नाही. पण ती ज्या विचारावर आधारलेली आहेत, म्हणजे द्रव्याचे नाव नव्हे तर वापराची जागा हा वर्गीकरणाचा पाया असावा, तो विचार कोठेही लागू पडतो.

आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील परवाना व नोंदणीविषयक २०११ चे विनियम यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. स्वच्छतेची रसायने काळजीपूर्वक व उत्पादकाच्या सूचनेनुसार वापरावीत, आणि ती अन्नापासून दूर, स्पष्ट खुणा केलेल्या पात्रांत ठेवावीत, असे तेथे सांगितलेले आहे. परंतु कायद्याचे बळ पिंपावरील चिठ्ठीच्या खरेपणापर्यंतच पोचते. सुटा, बिननावाचा माल घेणाऱ्याने ते बळ आपल्या हाताने सोडून दिलेले असते.

समारोप

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. घटक व सुरक्षाविषयक माहितीपत्रक मिळत नाही असे द्रव्य अन्नगृहात आणू नये. स्वस्त पडले तरी आणू नये. अन्नस्पर्शी पृष्ठासाठी पाण्याने निघणारी, सोप्या परीक्षेने ओळखता येणारी आणि अन्नासाठी योग्य शुद्धतेची द्रव्ये निवडावीत. त्यांचे पिंप, ब्रश व फडकी यंत्रशाळेच्या साहित्यापासून रंगाने व जागेने वेगळी ठेवावीत. शेवटचे धुणे पाण्याच्या टंचाईतही वगळू नये. ते विभागून द्यावे आणि त्याची परीक्षा करावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र आहे. येथील कठीण पाण्यात निरनिराळ्या प्रक्षालकांचा अवशेष किती राहतो, विभागून धुण्याचे गणित रबरी गॅस्केटच्या सांध्यांत कितपत खरे ठरते, पुनर्वापरातील पिंपांच्या भिंतींतून काय बाहेर येते, हे प्रश्न मोजमापाची वाट पाहत आहेत. त्यांना लागणारी उपकरणे महाग नाहीत. लेथ आणि लोणचे यांच्या मध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीचे रक्षण विटांपेक्षा ज्ञानाने अधिक होईल.